आजोबांच्या ट्रंकेतली काडतुसं

सांबऱ्याचा विमानतळ महायुद्धाच्या काळातला, १९४२ सालचा. जवळच बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर. त्यामुळे आपल्याकडे पलटणीत गेलेले आजोबा-पणजोबा अनेक घरांत सापडतात आणि माळ्यावर त्यांची ट्रंकही. त्यात पदकं, फोटो आणि क्वचित एखाद्या घरी परवान्याचं जुनं वेब्ली रिव्हॉल्व्हर आणि डब्यात काडतुसं.

परदेशात काही लोक रिकाम्या पुंगळीत नवी टोपी, दारू आणि गोळी बसवून काडतूस घरीच भरतात. त्याचे व्हिडिओ पाहून आपल्या मुलांनाही वाटतं, "हे तर सोपं आहे!" मंडळी, ते सोपं नाही.

ब्रिटिश लष्करानं पहिलं वेब्ली १८८७ मध्ये घेतलं. तेव्हाची काडतुसं काळ्या दारूची. आजची धूरविरहित दारू तेवढीच घेतली तरी कितीतरी जास्त जोर करते. तिचं माप ग्रेनमध्ये. एक ग्रेन म्हणजे जेमतेम ६५ मिलिग्रॅम. चुकून दुप्पट पडली तर सिलिंडर हातातच फुटू शकतो. कमी पडली तर गोळी नळीत अडकते आणि मागून दुसरी झाडली की नळी फाटते. जुन्या पोलादातली बारीक चीर तर डोळ्यांना दिसतही नाही. म्हणूनच तिथले जाणकार आधी हत्यार कारागिराकडून तपासून घेतात, छापील तक्ता सोडत नाहीत.

आपल्याकडे तर हा कायद्याचाच प्रश्न आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार काडतुसं बनवायला वेगळा परवाना लागतो. हत्यार बाळगण्याचा परवाना त्याला चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवणाऱ्याला किमान ७ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप आहे.

मग ट्रंकेत असं काही सापडलं तर? काडतूस उघडू नका, ठोकू नका, चुलीत किंवा विहिरीत टाकू नका. लहान मुलांना लांब ठेवा आणि आधी पोलीस ठाण्याला कळवा. परवानाधारक वारले असतील तर वारसांनी हत्यार विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं असतं. ते ठेवायचंच असेल तर वारसानं स्वतःच्या नावानं परवान्यासाठी अर्ज करावा.

आजोबांची आठवण जपायला त्यांची पदकं आणि फोटो आहेत. ते भिंतीवर लावा, आणि त्यांची हकिकत मुलांना सांगा.