उसाच्या बिलाचा हिशेब आणि संगणकाची परीक्षा



गळीत हंगामापूर्वी वजनकाट्याची तपासणी होते. प्रमाणित वजने काट्यावर ठेवायची आणि काटा तेवढेच दाखवतो का ते पाहायचे. काटा दिसायला कितीही चकचकीत असला तरी वजने ठेवल्याशिवाय त्यावर आपण विश्वास टाकीत नाही. मात्र काट्यावरचा आकडा पुढे संगणकात जातो. तिथे दर लागतो, तोडणी-वाहतूक आणि सोसायटीची वसुली कपात होते, आणि मग रक्कम बँकेत जमा होते. हा हिशेब करणाऱ्या प्रोग्रॅमची तपासणी कोण करतो?

तिथेही प्रमाणित वजनेच ठेवावी लागतात. फरक इतकाच, की ती लोखंडाची नसून आकड्यांची असतात. त्यांना 'चाचण्या' म्हणतात, आणि त्या सगळ्या आपोआप चालवणारी जी मांडणी, तिला टेस्ट फ्रेमवर्क. 1997 साली केंट बेक व एरिक गामा या दोघांनी 'जेयुनिट' नावाची अशी मांडणी तयार केली. तेव्हापासून ही पद्धत जगभर फैलावली.

ती उभी कशी करतात, ते आपल्याच उदाहरणाने पाहू. 2025-26 हंगामासाठी केंद्र सरकारने एफआरपी 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये ठरवली. उतारा 0.1 टक्क्याने वाढला की 3.46 रुपये वाढ, कमी झाला की तेवढीच घट. मात्र उतारा 9.5 टक्के किंवा त्याहून कमी असला तरी दर 329.05 रुपयांच्या खाली जात नाही.

आता लेखा विभागातल्या जाणकाराने कागदावर उत्तरे काढायची. टनाला 10.25 उताऱ्याला 3550 रुपये, 10.35 ला 3584.60, 9.50 ला 3290.50, आणि 9.20 लाही 3290.50. ही झाली चार वजने. उत्तरे प्रोग्रॅमकडूनच काढून घेतली तर काय उपयोग? चोरालाच साक्षीदार केल्यासारखे ते!

समजा, प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने 9.5 ची अट विसरून घट तशीच चालू ठेवली. 9.20 उताऱ्याला बिल 3186.70 रुपयांनी निघेल. टनामागे 103.80 रुपयांची तूट. शंभर टनवाल्या शेतकऱ्याचे 10,380 रुपये गेले! चूक नेहमी अशी बांधावर, कडेला लपलेली असते. म्हणून चाचणी मधल्या आकड्यांची कमी आणि कडेच्या आकड्यांची जास्त घ्यावी.

दुसरे उदाहरण तारखेचे. ऊस नियंत्रण आदेश, 1966 प्रमाणे ऊस दिल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यावे लागतात, पुढे दरसाल 15 टक्के व्याज. 20 फेब्रुवारीला ऊस दिला तर मुदत 2027 साली 6 मार्चला संपेल, पण 2028 साली 5 मार्चला, कारण ते लीप वर्ष. यासाठी 2028 उजाडण्याची वाट पाहायची नाही. चाचणीत तारीख आपण हाताने द्यायची.

मांडणीचे नियम थोडेच आहेत. पहिला, चाचणी सरावाच्या वहीवर घ्यायची, सभासदांच्या खऱ्या खात्याला हात लावायचा नाही. दुसरा, प्रत्येक चाचणी स्वतंत्र असावी. एकीचा उरलेला आकडा दुसरीत शिरता कामा नये. तिसरा, एक बटण दाबले की सगळ्या चाचण्या चालाव्यात आणि कोणती चुकली, अपेक्षित काय, मिळाले काय, हे स्पष्ट छापून यावे. चौथा, प्रोग्रॅममध्ये एक ओळ जरी बदलली तरी सगळ्या चाचण्या पुन्हा चालवायच्या. एकही नापास झाली तर नवा प्रोग्रॅम बिलाला लावायचा नाही. वाहतुकीचा दर दुरुस्त करताना व्याजाचा हिशेब बिघडला, असे घडू शकते हो! हाताने दरवेळी सगळे तपासायला माणसाला कंटाळा येतो, यंत्राला येत नाही.

पैशांबाबत एक खबरदारी. संगणक दशांश अपूर्णांक आपल्यासारखे साठवत नाही, 0.1 सुद्धा त्याला नेमका साठवता येत नाही. म्हणून रक्कम पूर्ण पैशांत ठेवावी, आणि शेवटचा पैसा वर न्यायचा की खाली, याचीही चाचणी असावी.

एवढे करूनही सगळे निर्दोष झाले असे समजू नये. चाचणी जे विचारते तेवढेच कळते; न विचारलेला प्रश्न तसाच राहतो. आणि इथेच सभासदांचे काम येते. वजनपावती जपून ठेवा. बिल आले की टन, दर व कपाती स्वतः ताडून पाहा. तफावत दिसली तर गप्प बसू नका, पावती घेऊन लेखा विभागात या. चूक खरी ठरली तर ती दुरुस्त तर होईलच, पण त्याच आकड्यांची नवी चाचणी मांडणीत घातली पाहिजे, म्हणजे तीच चूक पुन्हा डोके वर काढणार नाही. एका सभासदाची तक्रार मग सगळ्यांच्या बिलाची राखण करील.

जायकवाडीच्या पाण्यावर वर्षभर जपलेला ऊस काट्यावर खरा उतरतो. तो कागदावरही खराच उतरला पाहिजे.