जुन्या ऑटोमॅटिक गाडीचे तेल : बदलावे की न बदलावे?

लोणावळ्याहून आय. एन. एस. शिवाजीच्या बाजूने एक रस्ता कुरवंड्याला जातो. गावाच्या पुढे नागफणीचा सुळका आणि त्याच्याही पुढे कोकणचा उतार. जुन्या काळी कुरवंडे घाटाने माणसे आणि जनावरे खाली उतरत. १६६१ साली उंबरखिंडीत अडकलेली मोगल फौजही याच घाटाने उतरली होती. आज पावसाळ्यात शनिवार-रविवारी या परिसरात गाड्यांच्या रांगा लागतात. चढ, उतार, पाऊस आणि मुंगीच्या पावलाने सरकणारी रहदारी! नव्या गाडीचीही येथे परीक्षा होते. मग लाख-दीड लाख किलोमीटर धावलेल्या गाडीचे काय होत असेल?

आमच्या दाजींनी नोकरीतून निवृत्त झाल्यावर एक सेकंडहँड ऑटोमॅटिक गाडी घेतली. डाव्या गुडघ्याचे ऑपरेशन झालेले, क्लच दाबणे जमेना. ताईने भिशीचे आणि शिलकीचे पैसे एकत्र करून दिले. गाडीच्या मीटरवर १ लाख ४० हजार किलोमीटर होते. विकणाऱ्याने जाताजाता सांगितले, “साहेब, इंजिन ऑईल वेळेवर बदला, पण गिअरबॉक्सच्या ऑईलला हात लावू नका. जुन्या गाडीचे ते ऑईल बदलले की गिअरबॉक्स गेलाच म्हणून समजा.”

दोन महिन्यांनी कुरवंड्याच्या चढावर गाडी गिअर बदलताना झटका देऊ लागली. दाजी घाबरले. ताई मला म्हणाली, “अरे, आयुष्याची पुंजी घातलीय रे यात. आता हात लावायचा की नाही, ते तरी कुणी नीट सांगा.”

हा प्रश्न एकट्या ताईचा नाही. आपल्या समाजातही आता घरोघर जुन्या गाड्या येऊ लागल्या आहेत. कष्टाच्या पैशाने घेतलेली वस्तू ऐकीव गोष्टींवर सोडून देणे बरे नव्हे. म्हणून हा विषय मुळापासून समजून घेऊ.

हे तेल करते तरी काय?

साध्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लचची प्लेट असते. जुन्या पद्धतीच्या ऑटोमॅटिक गाडीत त्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. समोरासमोर ठेवलेल्या दोन पंख्यांची कल्पना करा. एक पंखा सुरू केला की त्याच्या वाऱ्याने समोरचा बंद पंखाही फिरू लागतो. येथे वाऱ्याचे काम तेल करते. तेच तेल दाबाने आतल्या क्लच प्लेटा आवळते आणि गिअर बदलते. तेच दातांना वंगण देते आणि तेच आतली उष्णता बाहेर कूलरकडे नेते. म्हणजे एकच तेल चार नोकऱ्या करते.

अमेरिकेतील जनरल मोटर्सने १९४० सालच्या ओल्ड्समोबाईल गाड्यांत हायड्रामॅटिक नावाचा गिअरबॉक्स दिला. मोठ्या संख्येने खपलेला हा पहिला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. पुढे कित्येक वर्षे अशा तेलात स्पर्म व्हेल या देवमाशाचे तेल मिसळत. घर्षण नेमके राखण्याचा गुण त्यात होता. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ते बंद झाले आणि रसायनशास्त्रज्ञांनी त्याला पर्याय काढले. यावरून एवढे कळते की हे नुसते वंगण नाही, मोजूनमापून तयार केलेली चीज आहे. म्हणूनच एकाचे तेल दुसऱ्याला चालत नाही.

उष्णता हा खरा शत्रू

हे तेल साधारण ८० ते ९० अंश सेल्सियसला सुखाने काम करते. त्यापुढे ढोबळ मानाने दर दहा-अकरा अंशांना त्याचे आयुष्य निम्मे होते, असे जाणकार सांगतात. घाटातल्या रांगेत ते तापते. चढावर गाडी थांबली असता काही जण ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरवरच गाडी तोलून धरतात. तेव्हा चाके जागेवर असतात आणि इंजिनाची सारी ताकद तेल घुसळण्यात जाते. ही सवय सोडा, चढावर ब्रेकच दाबा. उतरताना मात्र ‘एल’ किंवा ‘२’ वर गाडी घ्या, म्हणजे ब्रेक तापणार नाहीत.

गाडीच्या पुस्तकात घाट, उष्मा आणि कोंडी यांसाठी बहुधा वेगळे, लवकरचे वेळापत्रक दिलेले असते. मावळातल्या माणसाने तेच आपले समजावे. ‘जन्मभराचे तेल’ असे कुठे लिहिले असले, तरी तो जन्म दीड लाख किलोमीटर धावलेल्या गाडीचा नव्हे.

बदलले की गिअरबॉक्स जातो, हे खरे का?

यात अर्धे सत्य आहे. पुष्कळ लोक वर्षानुवर्षे तेल बदलत नाहीत. गिअर घसरू लागला, म्हणजे इंजिन ओरडते पण गाडी पुढे जात नाही, की मग धावतपळत तेल बदलतात. तोवर क्लच प्लेटा झिजून गेलेल्या असतात. त्यांचा भुगा तेलात तरंगत असतो आणि त्याच्याच आधाराने झिजलेल्या प्लेटा कशाबशा पकड धरतात, असे जुने मिस्त्री सांगतात. स्वच्छ तेल आले की तो आधार जातो आणि दोष तेलाच्या माथी येतो. रोगी आधीच अत्यवस्थ होता, हे कोणी पाहात नाही.

दुसरे कारण मशीनने दाब देऊन धुण्याचे. त्या दाबाने वर्षांचा गाळ सुटतो आणि व्हॉल्व्हच्या बारीक वाटांत जाऊन बसतो. म्हणून जुन्या गाडीला मशीन लावू नये.

आधी तपासणी करावी. डिपस्टिक असेल तर पांढऱ्या कापडावर थेंब घ्या. हे तेल नवे असताना बहुधा लाल असते. तपकिरी झाले असेल पण करपट वास नसेल आणि गिअर घसरत नसेल, तर तेल जरूर बदला. काळे, करपट आणि घसरणारा गिअर असे तिन्ही एकत्र असेल, तर तेलावर खर्च करण्याआधी जाणत्या मिस्त्रीकडून दुरुस्तीचा अंदाज घ्या.

बदलण्याची रीत

दाजींच्या गाडीचे तेल तपकिरी होते, वास करपट नव्हता. त्या गाडीत एकूण सहा लिटर तेल. खालचा नट काढला की तीनच लिटर निघते, बाकीचे टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहते. म्हणून एकदा बदलले की निम्मे तेल नवे होते. काही दिवस गाडी चालवून पुन्हा बदलले की शंभरातले ७५ भाग नवे, तिसऱ्यांदा साडेसत्त्याऐंशी भाग. हळूहळू बदलल्याने जुन्या गिअरबॉक्सला धक्काही बसत नाही.

काम करताना या गोष्टी सांभाळाव्यात :

१. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही शिरू नये. भक्कम स्टँड लावावेत. तेल कोमट असावे, कढत नको.

२. निघालेले तेल मोजावे आणि तितकेच नवे भरावे.

३. पहिल्या वेळी चेंबर खोलून पॅकिंग बदलावे. फिल्टर बदलता येत असेल तर तोही बदलावा. चेंबरच्या लोहचुंबकावर करडा मऊ चिखल असणे स्वाभाविक आहे. धातूचे तुकडे दिसले तर मात्र धोका समजावा.

४. पुस्तकात लिहिलेल्या जातीचेच तेल घ्यावे. सीव्हीटी गाडीचे तेल निराळे असते, ते आणि हे एकमेकांत मिसळू नये. २०१४ साली सेलेरिओपासून आपल्याकडे रुळलेली एएमटी आतून साधाच गिअरबॉक्स आहे. तिचेही तेल वेगळे. आपली गाडी कोणत्या प्रकारची, हे आधी विचारून घ्यावे.

५. शेवटी सपाट जागी, गाडी गरम असताना पातळी पाहावी. बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून पाहतात, होंडाच्या गाड्यांत इंजिन बंद करून. कमी पडले तर पंप हवा ओढतो, जास्त झाले तर फेस होतो. दोन्ही वाईट.

दाजींच्या गाडीचा झटका दुसऱ्या बदलानंतर बराच कमी झाला. पूर्ण गेला असे म्हणणार नाही. वय झालेल्या गाडीचे सांधे दुखणारच. पण आता ती चढ चढते, आणि ताईच्या जिवाचा घोर गेला.

आणि उरलेले तेल?

तिन्ही वेळचे मिळून नऊ लिटर जुने तेल डब्यांत जमले. शेजारचा एक जण म्हणाला, “द्या ओतून मागच्या ओढ्यात, पावसात जाईल वाहून.” तेव्हा ताई पुढे झाली. म्हणाली, “भाऊ, आपल्याकडून वाहून गेलेलं खाली कुणाच्या तरी हंड्यात जातं.”

तिचे बोलणे शब्दशः खरे होते. इंद्रायणी नदीचा उगम याच कुरवंड्याच्या परिसरात आहे. येथून निघून ती लोणावळा, कामशेत, देहू, आळंदी करीत तुळापूरला भीमेला मिळते. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या अंदाजाने एक लिटर वापरलेले तेल दहा लाख लिटर पाणी बिघडवू शकते. त्या हिशेबाने नऊ लिटरांचे काय, ते आपणच मोजावे. आपल्याकडे २०१६च्या नियमांनुसार वापरलेले तेल धोकादायक कचऱ्यात मोडते. ते नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जावे लागते. घरच्या माणसाने ते झाकणबंद डब्यात भरावे आणि जे गॅरेज असे तेल गोळा करून पुढे पाठवते, तेथे द्यावे. गॅरेजमध्ये काम करून घेताना ‘तुम्ही जुने तेल कुठे देता?’ हेही विचारावे. विचारण्यात कमीपणा कसला?

दाजींनी नवे तेल कोणत्या तारखेला, किती किलोमीटरवर घातले, ते ताईने घरखर्चाच्या वहीत लिहून ठेवले आहे. दुधाच्या आणि विजेच्या हिशेबाशेजारी. वाचकहो, आपल्या घरी जुनी गाडी असेल तर आजच अशी एक ओळ लिहून ठेवा. पुढची तारीख कोणाला विचारावी लागणार नाही.