राखीव विद्युत-जनित्राची निवड
घर, गोठा व कुक्कुटपालन यांसाठी

खेडोपाडी वीज पोहोचल्यापासून शेतकऱ्याच्या घरातील व गोठ्यातील अनेक कामे विजेवर चालू लागली आहेत. पूर्वी वीज गेली तर केवळ अंधार होई; आता वीज गेली की दूध काढण्याचे यंत्र थांबते, दूध थंड करण्याची टाकी बंद पडते, व बंदिस्त कोंबडीघरातील पंखे थांबले तर उन्हाळ्यात पक्षी अल्पावधीत दगावतात. दिनांक ३ जून २०२० रोजी रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळात विजेचे असंख्य खांब कोसळले, आणि रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील पुष्कळ गावे कित्येक दिवस विजेविना राहिली. अशा प्रसंगी उपयोगी पडावे म्हणून अनेक शेतकरी राखीव जनित्र घेण्याचा विचार करतात. परंतु शेजाऱ्याने घेतले तेवढेच आपणही घ्यावे, किंवा दुकानदार सांगेल ते घ्यावे, अशा रीतीने केलेली निवड बहुधा चुकते. जनित्र लहान पडले तर मोटार सुरू होत नाही. फार मोठे घेतले तर भांडवल अडकून पडते, इंधन वाया जाते व इंजिनही खराब होते. म्हणून निवड कोणत्या क्रमाने करावी, याचे विवेचन येथे केले आहे.

प्रथम भाराची यादी करावी

वीज नसताना कोणकोणती साधने चालू राहिलीच पाहिजेत, त्यांची यादी करणे ही पहिली पायरी होय. प्रत्येक साधनावरील पट्टीवर त्याची वॅटमधील शक्ती लिहिलेली असते. मोटारीवर ती अश्वशक्तीत असते. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. तथापि मोटारीत काही शक्ती वाया जात असल्याने तिला लागणारी वीज याहून अधिक असते. लहान मोटारींसाठी दर अश्वशक्तीस सुमारे ९५० ते १,००० वॅट धरणे योग्य ठरते.

जनित्राची क्षमता मात्र बहुधा केव्हीएमध्ये सांगतात. मोटारींचा भार असताना केव्हीएच्या आकड्यास ०.८ ने गुणले म्हणजे उपयोगी पडणारे किलोवॅट मिळतात. म्हणजे ५ केव्हीएचे जनित्र ४ किलोवॅटचे समजावे. खरेदी करताना सांगितलेला आकडा केव्हीएचा आहे की किलोवॅटचा, आणि तो सतत चालण्याचा आहे की केवळ थोडा वेळ सोसण्याचा, हे स्पष्ट विचारून घ्यावे.

दहा गाईंचा गोठा असलेल्या एका कुटुंबाचा भार उदाहरणादाखल पुढीलप्रमाणे धरू :

एलईडी दिवे ६, प्रत्येकी ९ वॅट : ५४ वॅट
पंखे ३, प्रत्येकी ७५ वॅट : २२५ वॅट
फ्रीज : २०० वॅट
दूरचित्रवाणी संच : १०० वॅट
दूध काढण्याचे यंत्र, १ अश्वशक्ती : १,००० वॅट
कडबाकुट्टी यंत्र, २ अश्वशक्ती : १,८६५ वॅट

यांपैकी घरातील भार सुमारे ५८० वॅट होतो. सर्व साधने मिळून बेरीज ३,४४४ वॅट येते. यावरून ५ केव्हीएचे जनित्र पुरेसे होईल असे वाटते. परंतु खरी अडचण पुढेच आहे.

मोटार सुरू होतानाचा भार

कोणतीही मोटार सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच ते सात पट विद्युतप्रवाह ओढते. महावितरणच्या वाहिनीवर हा धक्का जाणवत नाही, कारण तिच्यामागे मोठी शक्ती असते. लहान जनित्रावर मात्र तो सारा भार एकदम पडतो, दाब उतरतो, दिवे मंदावतात आणि मोटार न फिरता गुणगुणत राहते. अशा स्थितीत ती जळण्याचाही संभव असतो. यासाठी सर्वांत मोठ्या मोटारीस चालताना जेवढे केव्हीए लागतात त्याच्या अडीच पट धरून त्यात इतर चालू भार मिळवावा, हा साधा ठोकताळा उपयोगी पडतो.

वरील उदाहरणात कडबाकुट्टीस चालताना सुमारे २.३ केव्हीए लागतात. त्याच्या अडीच पट ५.८; त्यात घरातील भाराचे ०.७ मिळविले म्हणजे ६.५ केव्हीए होतात, व ७.५ केव्हीएचे जनित्र घ्यावे लागते. उलट, दूध काढण्याच्या यंत्रास १.२५ केव्हीए लागतात; त्याच्या अडीच पट ३.१ व घराचे ०.७ मिळून ३.८ केव्हीए होतात. हे काम ५ केव्हीएचे जनित्र सहज करील. गाईंची धार वेळेवर काढावीच लागते. चारा मात्र वीज असताना तोडून ठेवता येतो. म्हणजे कडबाकुट्टी यादीतून वगळली तर जनित्र एका मापाने लहान घेता येते. यादी करताना 'काय काय चालेल' यापेक्षा 'कशावाचून निभणार नाही' हा प्रश्न विचारावा, तो याचसाठी. एकापेक्षा अधिक मोटारी असल्यास सर्वांत मोठी प्रथम व बाकीच्या क्रमाने, थोड्या थोड्या अवधीने सुरू कराव्यात.

फार मोठे जनित्रही नको

पुढे भार वाढेल म्हणून दुप्पट मोठे जनित्र घेण्याकडे काहींचा कल असतो. डिझेल इंजिन आपल्या क्षमतेच्या सुमारे ३० टक्क्यांहून कमी भारावर दीर्घकाळ चालले तर ते पुरेसे तापत नाही. इंधन पूर्ण जळत नाही, काजळी साचते व धुराड्यातून तेलकट काळा द्रव गळू लागतो. उदाहरणातील ५ केव्हीएच्या जनित्रावर धारेच्या वेळी ४० टक्के भार पडतो, तो योग्य आहे. परंतु रात्रभर केवळ दिवे, पंखे व फ्रीज यांसाठी ते चालविल्यास भार १५ टक्क्यांहूनही कमी राहील. हे इंजिनासही हिताचे नाही व खिशासही.

जनित्राची गरज खरोखर आहे काय?

केवळ दिवे व पंखे चालवावयाचे असतील तर बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर अधिक सोयीचा होय. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या एका बॅटरीत १,८०० वॅट-तास एवढी वीज साठते. त्यातून बॅटरीचे आयुष्य राखून सुमारे हजार वॅट-तास वीज उपयोगी पडते. त्यावर सहा दिवे व दोन पंखे चार ते पाच तास चालू शकतात. छतावर सौर तबकडी बसविल्यास दिवसा बॅटरी पुन्हा भरते. घरासाठी इन्व्हर्टर व धारेपुरते जनित्र अशी जोड पुष्कळ ठिकाणी स्वस्त पडते.

विहिरीवरील पंपासाठी जनित्र घेण्यापूर्वी विशेष विचार करावा. ५ अश्वशक्तीच्या थ्री फेज पंपास वरील ठोकताळ्याने सुमारे १५ केव्हीएचे जनित्र लागते. शिवाय इंजिनाने वीज निर्माण करावयाची व त्या विजेने पुन्हा मोटार फिरवावयाची, यात दोन ठिकाणी शक्ती वाया जाते. जेथे पाणी फार खोल नाही तेथे थेट डिझेल इंजिनावर चालणारा पंप कमी खर्चाचा ठरतो. पाणबुडी पंपास मात्र विजेवाचून गत्यंतर नसते.

ज्यांच्याकडे ट्रॅक्टर आहे त्यांना ट्रॅक्टरच्या पीटीओवर चालणारे जनित्र हा आणखी एक मार्ग आहे. त्यास स्वतंत्र इंजिन सांभाळावे लागत नाही. दर किलोवॅटमागे ट्रॅक्टरची सुमारे दोन अश्वशक्ती धरावी. परंतु ऐन नांगरणीच्या दिवसांत ट्रॅक्टर शेतात गुंतलेला असतो, हे विसरू नये.

इंधन व इंजिन

दोन-तीन केव्हीएपर्यंतची जनित्रे बहुधा पेट्रोलवर चालतात. ती हलकी व स्वस्त असतात. परंतु एक लिटर पेट्रोलमध्ये ती साधारणतः दीड ते दोन युनिट वीज देतात. डिझेलचे जनित्र चांगल्या भारावर एका लिटरमध्ये सुमारे तीन युनिट देते. पेट्रोल १०० रुपये व डिझेल ९० रुपये लिटर धरले, तर पेट्रोलच्या जनित्राची वीज युनिटला ५० ते ६७ रुपये व डिझेलची सुमारे ३० रुपये पडेल. वर्षातून काही तासच गरज लागत असेल तर पेट्रोलचे जनित्र परवडते. रोज दोन तास लागत असेल तर डिझेलच योग्य.

आपल्या देशात विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ आहे. ती राखण्यासाठी जनित्र मिनिटाला ३,००० किंवा १,५०० फेरे फिरावे लागते. ३,००० फेऱ्यांचे जनित्र लहान व स्वस्त, पण आवाज अधिक व झीज लवकर. १,५०० फेऱ्यांचे जड व महाग, पण दीर्घकाळ टिकणारे असते. डिझेल जनित्र ध्वनिरोधक पेटीसह असावे व एक मीटरवर त्याचा आवाज ७५ डेसिबलहून अधिक नसावा, असा नियम आहे. दिनांक १ जुलै २०२३ पासून धुराबाबतची नवी, अधिक कडक मानकेही लागू झाली आहेत. नवे जनित्र घेताना या मानकांचा शिक्का पाहून घ्यावा.

धूर हा अदृश्य शत्रू

इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्यास रंग नाही, वास नाही. डोके दुखणे, चक्कर, मळमळ अशी लक्षणे दिसतात व झोपेतील मनुष्य जागा न होताच मृत्यू पावतो. म्हणून जनित्र घरात, पडवीत, गोठ्यात किंवा बंद खोलीत कधीही चालवू नये. दारे-खिडक्या उघड्या ठेवल्या तरीही नाही. ते घरापासून किमान २० फूट दूर, उघड्यावर परंतु पावसापासून आडोशाला, धुराडे घराच्या विरुद्ध दिशेस करून ठेवावे. विहिरीत इंजिन उतरवून चालविणे तर प्राणघातकच होय. तेथे वारा खेळत नसल्याने धूर साचून राहतो. कोणास चक्कर आल्यास त्यास त्वरित मोकळ्या हवेत आणून दवाखान्यात न्यावे. विहिरीत कोणी कोसळल्यास त्यास काढण्यासाठी दुसऱ्याने घाईने खाली उतरू नये. प्रथम इंजिन बंद करून मदत बोलवावी.

तारमार्ग कर्मचाऱ्याचा जीव

काही ठिकाणी दोन्ही टोकांना पिना लावलेल्या वायरीने जनित्राची वीज घरातील सॉकेटमध्येच सोडण्यात येते. यासारखे घातक काम दुसरे नाही. घराचा मुख्य खटका चालू राहिला तर ती वीज उलट वाहत गावाच्या रोहित्राकडे जाते. जे रोहित्र ११,००० व्होल्टचा दाब उतरवून घरास देते, तेच उलट्या दिशेने जनित्राचा दाब चढवून ११,००० व्होल्टपर्यंत नेऊ शकते. वाहिनी बंद आहे अशा समजुतीने खांबावर चढलेल्या कर्मचाऱ्याचा त्यात बळी जातो. तसेच वीज अकस्मात परत आली तर जनित्रही जळते.

यावर उपाय सोपा व स्वस्त आहे. मीटरनंतर चेंजओव्हर स्विच बसवावा. म्हणजे घर एका वेळी एकतर वाहिनीशी किंवा जनित्राशी जोडले जाते, दोहोंशी कधीच नाही. सिंगल फेजसाठी दोन ध्रुवांचा व थ्री फेजसाठी चार ध्रुवांचा स्विच घ्यावा. हे काम परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करवून घ्यावे. जनित्राच्या सांगाड्यास दोन स्वतंत्र ठिकाणी भूयोजन करावे, त्याचे खड्डे उन्हाळ्यात ओले ठेवावेत, व ३० मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक खटका बसवावा. जनावरांना विजेचा धक्का माणसांपेक्षा लवकर बाधतो, म्हणून गोठ्यात याची आवश्यकता अधिक आहे. मोठा संच बसविण्यापूर्वी महावितरणच्या कार्यालयात व विद्युत निरीक्षकाकडे नियमांची चौकशी करावी.

निगा

वर्षभर उभे राहिलेले जनित्र ऐन वेळी सुरू होत नाही. म्हणून महिन्यातून एकदा ते भारासह अर्धा तास चालवावे. तेलाची पातळी दर वेळी पाहावी; तेल व गाळण्या पुस्तिकेत दिलेल्या तासांप्रमाणे बदलाव्यात, व त्यासाठी चाललेल्या तासांची वही ठेवावी. पेट्रोल काही महिन्यांत खराब होते. दीर्घकाळ वापर नसल्यास टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवावे. चालू किंवा तापलेल्या इंजिनात इंधन ओतू नये. खरेदीपूर्वी तालुक्याच्या ठिकाणी सुटे भाग व कारागीर मिळतो की नाही हे पाहावे, आणि शक्य असल्यास आपली सर्वांत मोठी मोटार त्या जनित्रावर चालवून दाखवावयास सांगावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी दूध उत्पादक व कुक्कुटपालक यांच्याकडे जाऊन भाराची यादी करण्यास साहाय्य करावे. ज्यांच्याकडे जनित्र आहे तेथे तीन गोष्टी स्वतः पाहाव्यात : चेंजओव्हर स्विच आहे काय, भूयोजन धड आहे काय, आणि धूर कोणीकडे जातो. या तिन्ही ठीक असल्या तर जनित्र लहान असो वा मोठे, ते संकटकाळी घराचा आधार होईल. त्यांतील एकही सदोष असेल, तर ते दुरुस्त होईपर्यंत जनित्र सुरू करू नये.