बाराबंदीचा बेत

हौशी नाटकांच्या स्पर्धा जवळ आल्या की ड्रेसवाल्यांच्या दुकानांत एक ठरलेला संवाद कानावर पडतो. ‘पेशवाई हवी होती.’ ‘मिळेल की. माणसं किती?’ मग माळ्यावरून गठ्ठा खाली येतो. चकचकीत सॅटिनचे अंगरखे, जरीच्या जागी सोनेरी लेस, पाठीला झिप आणि काखेत आधीच्या प्रयोगांचे डाग. शाळेच्या गॅदरिंगपासून शिवजयंतीच्या मिरवणुकीपर्यंत हीच पेशवाई गावभर फिरून आलेली असते. भाड्याचा कपडा कोणाच्याच मापाचा नसतो, म्हणून तर तो सगळ्यांना होतो.

या गठ्ठ्याला विटून ज्यांनी घरच्या शिलाई मशीनवरचं आच्छादन काढलं, अशी बरीच मंडळी आज सापडतात. कुणी नाटकासाठी शिवतं, कुणी लग्नात आजीसारखं लांब बाह्यांचं पोलकं घालायचं म्हणून. कुणाला 1940 च्या दशकातला विलायती फ्रॉक हवा असतो. पोटासाठी शिवणाऱ्याला गिऱ्हाइकाची तारीख पाळावी लागते. या हौशी लोकांच्या मागे ती कटकट नाही, म्हणून एका बाहीवर चार रविवार घालवायला ते मोकळे.

यात नव्याने पडणाऱ्याची पहिली धाव कापडाच्या दुकानाकडे असते. खण आणला, इरकल आणलं, की जुना काळ निम्मा शिवून झाला अशी समजूत. प्रत्यक्षात उत्तम खणाचा ब्लाउज आजच्या टक्स घालून, गोल मुंढा कापून शिवला तर तो आजचाच ब्लाउज दिसतो. उलट साध्या मांजरपाटाची बाराबंदी जुन्या पद्धतीने बेतली तर लांबूनही ओळखू येते. कपड्याचं वय त्याच्या बेतण्यात असतं, आणि ते बेतणं कापडाच्या पन्ह्यावरून ठरलेलं असतं.

हातमागावर धोटा एका हाताने फेकायचा आणि दुसऱ्या हाताने झेलायचा, त्यामुळे विणकराचे हात पोचतील तेवढाच पन्हा. इंग्लंडमध्ये जॉन के याने 1733 मध्ये दोरीने ओढायच्या धोट्याचं पेटंट घेतलं आणि रुंद कापड विणणं एका माणसाच्या आवाक्यात आलं. त्याआधी तिकडेही हीच अडचण होती. अरुंद आणि महाग कापडातून गोलाई कापणं म्हणजे पैशाच्या चिंध्या करणं. म्हणून जुना शिंपी सरळ रेषांत विचार करायचा. अंगासाठी आयत, बाहीसाठी आयत, घेरासाठी कळ्या. या कळ्यांचा हिशोब मला फार आवडतो. 12 इंच रुंदीची पट्टी घ्या. वरच्या कडेला डावीकडून 3 इंचांवर आणि खालच्या कडेला डावीकडून 9 इंचांवर खूण करा आणि दोन्ही खुणा जोडणाऱ्या तिरक्या रेघेवर कापा. वर 3 आणि खाली 9 इंचांची एक कळी झाली. दुसरा तुकडा उलटा फिरवला की तोही तसाच. घेर मिळाला आणि एक चिंधी वाया गेली नाही. मात्र कापडावर एकाच दिशेने वर जाणारी वेल असेल तर निम्म्या कळ्यांवर ती डोक्यावर उभी राहील. ही गंमत बहुतेकांना कात्री चालवून झाल्यावर कळते.

आता बाराबंदीच घेऊ. बटणांऐवजी बंदांच्या सहा जोड्या, एकूण बारा. पुढचे दोन पल्ले एकमेकांवर येतात; आतला आधी आतून बांधायचा, वरचा बाहेरून. सोलापुरात सिद्धेश्वराच्या संक्रांतीच्या यात्रेत पांढरीशुभ्र बाराबंदी घातलेले मानकरी आणि भक्त आजही दिसतात. तेव्हा ज्याला हा कपडा चालत्याबोलत्या माणसाच्या अंगावर पाहायचा आहे त्याने जानेवारीत सोलापूर गाठावं. संग्रहालयाच्या काचेआड कपडा स्वस्थ उभा असतो, आणि वाकल्यावर बंद कसे ताणतात ते तिथे दिसत नाही.

अंगरखा, बाराबंदी या घराण्यातल्या कपड्यांची किल्ली काखेत असते. बाही आणि अंग जिथे मिळतात तिथे एक लहान चौकोनी तुकडा कोनावर फिरवून बसवलेला असतो. हात वर गेला की तो तुकडा उघडतो आणि बाकीचा कपडा जागेवर राहतो. हल्लीचे शिंपी बाराबंदी मागितली की कुर्त्याचा कागद घेतात, गोल मुंढा कापतात आणि पुढे बंद लावून देतात. आरशासमोर छान दिसते. रंगमंचावर नटाने तलवार उपसली की अख्खी बाराबंदी बेंबीच्या वर चढते आणि खालची नाडी प्रेक्षकांना दर्शन देते. तो चौकोन बसवायला कटकटीचा आहे हे मान्य. चारही कोपऱ्यांवर टीप नेमकी थांबवावी लागते, एक टाका पुढे गेला तर चुणी पडते. पहिल्यांदा तो हातशिलाईनेच बसवावा.

पेशवाईतला चुडीदार हा त्याहून वरचा वर्ग. तो उरेब कापडाचा असतो, म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांना तिरका. त्यासाठी कापडाची आधी तिरक्या शिवणीची पिशवी शिवतात आणि मग ती पिशवी कापून पाय काढतात. तिरकं कापड ताणतं, म्हणून पोटरीला घट्ट बसूनही मांडी घालता येते. पॅरिसमध्ये मादलेन व्हियोने हिने 1920 आणि 30 च्या दशकांत उरेब कापाचे गाऊन करून नाव कमावलं. अंगावरून ओघळणारे ते गाऊन आज जगभरच्या जुन्या कपड्यांच्या शौकिनांना वेड लावतात. इकडचे शिंपी त्या आधीपासून त्याच तिरक्या धाग्यावर विजारी शिवत होते.

विलायती जुने कपडे शिवणाऱ्यांची एक सोय आहे: छापील कागदी नमुने. अमेरिकेत बटरिक यांनी 1863 मध्ये वेगवेगळ्या मापांचे नमुने विकायला सुरुवात केली, आणि जुनी पाकिटं आजही हातोहात फिरतात. पण पाकिटावरच्या आकड्यावर विसंबू नये. 1940 च्या दशकातला ‘16 नंबर’ म्हणजे 34 इंच छाती. पुढे नंबरांची पद्धत बदलली आणि तेच माप 12 नंबरात गेलं. छातीचे इंच वाचावेत, नंबर विसरावा. त्या काळातल्या फॅशनमागे कापडाचं राजकारणही होतं. ब्रिटनमध्ये जून 1941 पासून कपड्यांचं रेशनिंग आलं आणि पहिल्या वर्षी माणशी 66 कूपनं मिळाली. म्हणून युद्धकाळातले स्कर्ट आखूड आणि मोजक्या घेराचे. मग फेब्रुवारी 1947 मध्ये ख्रिश्चन दिओरने घसघशीत घेराचे, पोटऱ्यांपर्यंत उतरणारे झगे आणले तेव्हा रांगेत कूपनं मोजणाऱ्या बायका संतापल्या आणि भुलल्याही. हा फरक माहीत नसलेला हौशी शिंपी 1943 च्या नाटकातल्या नायिकेला 1950 चा घेर घालतो, आणि मग ती युद्धात होरपळलेली वाटत नाही.

आपल्याकडे असे नमुने नाहीत. आहेत ते फोटो, चित्रं आणि घरातल्या ट्रंका. चित्रांत धुरंधरांचा हात धरावा. 1920 च्या सुमारास आलेल्या ऑटो रॉथफेल्ड यांच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ या पुस्तकासाठी त्यांनी नाना जातीजमातींच्या स्त्रिया रंगवल्या. चोळीची गाठ कुठे येते, पदर कोणत्या खांद्यावरून कसा फिरतो हे त्यांनी बारकाईने टिपलं आहे.

फोटो मात्र फसवतात. जुन्या काचा आणि फिल्म निळ्या प्रकाशाला हळव्या आणि लाल रंगाला जवळजवळ आंधळ्या होत्या. सगळे रंग सारखे टिपणारी फिल्म 1920 च्या दशकाच्या अखेरीपासून रुळत गेली. त्यामुळे पणजीच्या फोटोत काळंभोर दिसणारं लुगडं लालभडक असू शकतं आणि पांढरं दिसणारं आकाशी. तिच्या कपाळावरचं कुंकूही काळंच दिसतं, तेवढ्यावरून लक्षात यायला हरकत नाही. शिवाय स्टुडिओत जाताना माणसं ठेवणीतले कपडे घालत. रोज विहिरीवर जाताना कुणी पैठणी नेसत नव्हतं. नाटकातल्या स्वयंपाकघरात मात्र ती हमखास दिसते.

ट्रंकेतल्या कपड्यांबद्दल माझं मत पक्कं आहे: कापू नयेत. आजीच्या जुन्या रेशमी लुगड्याची चोळी किंवा पर्स करायचा मोह प्रत्येकाला होतो. पण जुनं रेशीम घड्यांवर विरलेलं असतं. शिवून होईपर्यंत टिकतं आणि दुसऱ्यांदा घालताना खांद्यावर फाटतं. ते पसरून पाहावं, मापं घ्यावीत, काठ कसा जोडलाय ते उलट्या बाजूने बघावं आणि सुती कापडात गुंडाळून परत ठेवावं. शिवायला नवं कापड घ्यावं, आधी धुऊन त्याची खळ काढावी, आटू द्यावं. आणि आधी मांजरपाटाचा कच्चा नमुना शिवल्याशिवाय चांगल्या कापडाला कात्री लावू नये.

रंगमंचासाठी शिवायचं तर यातले निम्मे नियम मोडावे लागतात. तिथे कपडा दहाव्या रांगेतून दिसतो. नाजूक कशिदा तिथवर पोचत नाही, दोन बोटं रुंद काठ पोचतो. निव्वळ पांढरं कापड प्रखर दिव्यांत डोळ्यांवर येतं, म्हणून ते चहाच्या पाण्यात बुडवून किंचित मळकट करतात. गरिबाचा सदरा कोरा दिसू नये यासाठी कोपर आणि कडा पॉलिश पेपरने, प्रसंगी किसणीनेही, घासतात. बंद शोभेला वर आणि आत टिचबटणं, कारण दोन प्रवेशांच्या मधल्या अंधारात बारा गाठी सोडणार कोण? व्हेल्क्रो सोपा असतो, पण शांत प्रवेशात तो ओढल्याचा आवाज बाल्कनीपर्यंत जातो. शिवणीत माया सढळ ठेवायची, दीड इंच तरी, कारण पुढच्या वर्षी त्या भूमिकेत दुसरा नट असतो. आणि कपडेपटातली एक जुनी युक्ती: जे अंगरखे रोज धुता येत नाहीत त्यांना आतून वोडका फवारतात. घामाचा वास जातो. संस्थेच्या हिशेबात हा खर्च कोणत्या खात्यावर टाकायचा, ते खजिनदाराने बघावं.

शिवलेल्या नऊवारीवरून नेहमी वाद होतो. कमरेला नाडी, काष्टा आधीच टाचलेला, पाय दोन नळ्यांत, पदर वेगळा जोडलेला. नेसलेलं लुगडं बसता-उठताना अंगाबरोबर फिरतं, शिवलेल्याला ते जमत नाही, आणि जाणकार नजरेला ते मागून लगेच कळतं. तरीही मी शिवलेल्याच्या बाजूने आहे, निदान जिथे नटीला दीड मिनिटात विधवेची सून व्हायचं असतं तिथे. शिवलेल्या साडीला सिनेमात तर मोठा पूर्वज आहे. ‘ब्रह्मचारी’ (1968) मध्ये मुमताझने नाचताना घातलेली नारिंगी साडी भानू अथैय्यांनी आधीच चुण्या शिवून, झिप लावून तयार केली होती. कोल्हापुरात 1929 मध्ये जन्मलेल्या, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकलेल्या अथैय्या मासिकांसाठी फॅशनची चित्रं काढत काढत कपड्यांकडे आल्या. ‘आम्रपाली’साठी त्या अजिंठ्याची भित्तिचित्रं बघायला गेल्या, आणि ‘गांधी’साठी 1983 मध्ये जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर घेऊन आल्या. अजिंठ्याचा अभ्यास आणि साडीला झिप या दोन्ही गोष्टी एकाच बाईने केल्या, हे शुद्धतेच्या नावाने भांडणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

मशीन कोणतं, हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो आणि तो सर्वांत कमी महत्त्वाचा आहे. घरात पडलेलं काळं लोखंडी पायमशीन असेल तर तेल घालून चालू करा. ते फक्त सरळ टीप मारतं, आणि जुन्या कपड्यांना तेवढंच लागतं. ओव्हरलॉक मारलेली आतली कड मात्र जवळून बघणाऱ्याला लगेच खटकते. तेव्हा शिवण आधी सुलट बाजूने मारावी, माया कातरावी, कापड उलटवून पुन्हा एक टीप मारावी. कच्ची कड आत बंद होते.

सुरुवात अंगरख्याने करू नये. चंचीने करावी. पान, सुपारी, चुना, तंबाखू यांचे वेगवेगळे कप्पे असलेली, गुंडाळून दोरीने बांधायची ती चंची. सगळ्या टिपा सरळ, कडेने मगजी, आतून अस्तर, एक नाडी. उरलेल्या खणाच्या तुकड्यांत होते. मगजी सुरकुती न पडता कोपऱ्यावर वळवता आली की बाळाची कुंची शिवावी, मग पोलकं, आणि मग बाराबंदी. मला माहीत असलेल्या बहुतेक चंच्यांत आता इअरफोन आणि चार्जरची वायर असते, आणि कप्पे त्यांना अगदी बरोबर पुरतात.