काहीतरी करपतंय का?

मित्रांनो, मे महिन्याची सुट्टी लागलीय. मागच्या सीटवर तुम्ही, मांडीवर चिवड्याची पुडी. कऱ्हाड सोडलं, पाटण गेलं, कोयनानगरही मागं पडलं आणि कुंभार्ली घाट सुरू झाला. आता चिपळूणच्या बाजूला नुसता उतार! काका गाडी चालवताहेत. पाच-सहा वळणं होतात न होतात तोच तुमच्या नाकाला काहीतरी खटकतं. इस्त्रीखाली कापड करपावं तसा वास, पण त्याहून उग्र. बाकी कुणी काहीच बोलत नाही. मग आपण तरी कशाला बोला, म्हणून तुम्हीही गप्प बसता.

इथंच चुकतं, दोस्तांनो! बोला. ताबडतोब बोला.

त्याचं असं आहे, की एकच वास सतत येत राहिला तर काही मिनिटांत आपल्या नाकाला तो जाणवेनासा होतो. तासभर ओट्याशी उभ्या असलेल्या आईला फोडणीचा वास येत नाही, पण तुम्ही शाळेतून येता आणि उंबऱ्यातूनच ओळखता, आज काय बेत आहे ते! गाडीतही तसंच होतं. वास हळूहळू वाढला तर सगळ्यांनाच त्याची सवय होऊन जाते. म्हणून ज्याला आधी कळलं त्यानं सांगायचं, मग तो चौथीत का असेना. (आणि आईबाबा, "तुला काय कळतंय त्यातलं?" हे वाक्य त्या वेळी गिळून टाका बरं का.)

कधी कधी तो वास पुढच्या ट्रकचाही असतो. ट्रक दूर गेल्यावरही वास राहिला, तर मात्र तो आपल्याच गाडीचा.

घाट उतरतानाचा हा वास बहुधा ब्रेकचा. तळहात एकमेकांवर जोरात घासून पाहा, कसे गरम होतात! ब्रेकही चाकाला घासूनच थांबवतो. उतारावर तो सारखा दाबून धरला तर इतका तापतो की त्याची पकड सुटू लागते. त्याहून वाईट म्हणजे ब्रेकचं ऑइल उकळतं. ऑइल दाबलं तरी आक्रसत नाही, म्हणून तर काकांच्या पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. पण त्यात वाफेचे बुडबुडे झाले की ते मात्र दबतात. पेडल खाली जातं, गाडी काही थांबत नाही!

जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा. मग इंजिनच गाडीला आवरून धरतं आणि ब्रेकला विसावा मिळतो. पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. वास आलाच तर रुंद, सपाट जागी थांबायचं, चाकाला दगड लावायचा आणि ब्रेक पुरते गार होऊ द्यायचे. त्यांच्यावर पाणी ओतायचं नाही. तापलेल्या लोखंडाला तडा जाऊ शकतो. तेवढ्यात चिवडा संपवा!

घाट चढताना असाच वास आला तर तो क्लचचा. गर्दीत अर्धा क्लच दाबून गाडी रेटली की तो जळतो.

साखरेच्या पाकासारखा गोडसर वास आला तर? रेडिएटरमधलं कूलंट गळत असणार. वास गोड, पण कूलंट विषारी असतं, बोटाला लागलं तर चाखू नका. काट्याकडे बघा, इंजिन तापलेलं असेल तर गाडी थांबवा, पण रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. आत प्रेशर कुकरसारखी स्थिती असते. उकळता फवारा थेट तोंडावर येतो.

पेट्रोलचा किंवा गॅसचा वास आला तर मात्र विचार करत बसायचं नाही. गाडी कडेला, इंजिन बंद, सगळे खाली आणि लांब. काडी, सिगारेट काही नाही. सीएनजीला स्वतःचा वासच नसतो. गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळलेला असतो. प्लॅस्टिक जळाल्यासारखा वास म्हणजे वायर तापतेय. तेव्हाही थांबा, किल्ली बंद करा. बॉनेटमधून धूर निघत असेल तर ते उघडायला धावू नका, हवा मिळाली की आग भडकते.

एसी लावल्यावर ओल्या मोज्यांसारखा वास येतो, तो आतल्या ओलाव्यावर वाढलेल्या बुरशीचा. मुक्कामाला पोचण्याआधी पाच मिनिटं एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवला की आतला भाग वाळतो. तरी वास जात नसेल तर सीटखाली बघा. मागच्या सहलीचा डबा असेल!

एका बाबतीत मात्र आपलं नाक साफ हरतं. इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. त्याला ना रंग, ना वास. सायलेन्सर फुटला असेल तर तो गाडीत शिरू शकतो. म्हणून गाडीत धुराचा वास आला, किंवा वास काहीच नाही पण सगळ्यांचं डोकं दुखतंय, मळमळतंय, झोप येतेय असं झालं, तर काचा खाली करा, गाडी थांबवा आणि सगळे मोकळ्या हवेत या. मग थेट दवाखाना गाठा, पण त्या गाडीतून नव्हे. आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून गाडीत कधीच बसू नका, एसीची हवा कितीही गार लागली तरी!