छपरावरील पाणी घरच्या टाकीत

इंदूर जिल्ह्यातील देपालपूर परिसरात, माळव्यातील इतर भागांप्रमाणेच, वर्षाकाठी सरासरी ९०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तरीही उन्हाळ्यात कूपनलिका आटतात. जवळच्या देवास शहरास १९९० साली इंदूरहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले होते. त्याच देवासमध्ये १९९९ साली छपरावरील पाणी गाळून कूपनलिकांत सोडण्याची मोहीम हाती घेण्यात आली.

एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडल्यास एक लिटर पाणी मिळते. या हिशेबाने ५० चौरस मीटर छपरावर वर्षाला ४५,००० लिटर पाणी पडते. गळती वगैरे वजा जाता सुमारे ३६,००० लिटर हाती येते. पाच माणसांच्या कुटुंबास पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी रोज १०० लिटर धरल्यास ते जवळजवळ वर्षभर पुरते. एवढी मोठी टाकी बांधणे अर्थातच सर्वांस परवडणारे नाही. लहान टाकी भरल्यावर उरलेले पाणी विहिरीत अथवा कूपनलिकेत सोडावे.

पहिल्या सरींचे पाणी मात्र बाहेर जाऊ द्यावे, कारण त्यात धूळ व पक्ष्यांची विष्ठा असते. नंतरचे पाणी गोटे, खडी व वाळू यांच्या थरांतून गाळून घ्यावे. टाकी झाकलेली असावी, आत उजेड शिरू नये. अन्यथा शेवाळ धरते. पिण्याचे पाणी उकळून घ्यावे. पावसाळ्यापूर्वी वाळू धुण्याचे काम बहुधा विसरले जाते, आणि वाळू चोंदली की सारे पाणी अंगणात वाहून जाते.