लवचीक सांधे आणि छातीतली धडधड

करंगळी मागे वाकवली की नव्वद अंशांपलीकडे जाते का? अंगठा मनगटाच्या वर, हाताच्या आतल्या बाजूला टेकतो का? कोपर आणि गुडघे सरळ होऊन थांबतात की आणखी मागे झुकतात? गुडघे न वाकवता तळवे जमिनीला टेकतात का? उजवीडावीकडचे मिळून असे एकूण नऊ गुण. बाइटन मोजपट्टीवर पाच किंवा जास्त गुण मिळाले, तर साधारणपणे प्रौढ माणसाचे सांधे अतिलवचीक धरतात.

ही तपासणी मानसोपचाराच्या ओपीडीत आणली बार्सिलोनाच्या डॉ. अँतोनी बुल्बेना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. पॅनिक अटॅक येतात, गर्दीत किंवा एकटं बाहेर पडायची भीती वाटते, अशा ९९ नव्या रुग्णांचे सांधे त्यांनी तपासले. १९९८ साली निष्कर्ष छापून आले, तेव्हा त्यांतले सुमारे ६८ टक्के रुग्ण अतिलवचीक निघाले होते. तुलनेसाठी घेतलेल्या इतर रुग्णांत हे प्रमाण १० ते १२ टक्क्यांच्या आसपास होतं. २००१ मध्ये याच शहरातल्या संशोधकांनी या संबंधाचं मूळ पंधराव्या गुणसूत्रात सापडल्याचं जाहीर केलं. इतर प्रयोगशाळांना मात्र ते आढळलं नाही. जनुकाचा दावा टिकला नाही, पण सांधे आणि भीती यांचं नातं पुढच्या अभ्यासांतही दिसत राहिलं.

सांधे बांधून ठेवणाऱ्या ऊतींमध्ये जे कोलॅजेन असतं, ते रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही असतं. तिथेही ताण कमी पडला, तर उभं राहताच रक्त पायांत साचतं आणि ते वर पोचवण्यासाठी हृदय धावू लागतं, अशी एक उपपत्ती आहे. स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईची छाती अचानक धडधडते, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. भिण्यासारखं काहीच घडलेलं नसतं, पण मेंदूला हा धोक्याचाच इशारा वाटतो. इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या डॉ. जेसिका एकल्स यांच्या गटाने २०१२ मध्ये ७२ निरोगी लोकांचे मेंदू स्कॅन केले. ज्यांचे सांधे लवचीक होते, त्यांच्यात भीतीशी निगडित अमिग्डला हा भाग मोठा आढळला.

‘मनाचे खेळ आहेत, विचार करणं सोडा’ असं अशा रुग्णाला सांगणं मला अन्यायाचं वाटतं. ती धडधड खरी असते, नाडीवर मोजता येते. दुसरीकडे, लवचीक माणसाने उगाच धास्तावण्याचंही कारण नाही. आशियाई लोकांत असे सांधे युरोपीयांपेक्षा जास्त आढळतात आणि बहुतेकांना काहीही त्रास होत नाही.

ज्यांना होतो, त्यांची नाडी आधी आडवं झोपवून आणि मग उभं करून दहा मिनिटं मोजावी. प्रौढांत ती मिनिटाला तीस किंवा जास्त ठोक्यांनी वाढून तशीच राहिली, रक्तदाब मात्र घसरला नाही, तर ‘पॉट्स’ची, म्हणजे उभं राहिल्यावर नाडी वेगाने वाढण्याच्या विकाराची, शंका घ्यावी लागते. मग भरपूर पाणी, पोटऱ्यांचे व्यायाम आणि फक्त डॉक्टरांच्या सल्ल्याने वाढवलेलं मीठ हेही उपचारात येतं. समुपदेशन आणि गोळ्या त्याच्या जोडीने चालू राहू शकतात.